माशाचा वास, गरम प्लग आणि रात्रभरचं चार्जिंग

(हातात जुना एक्स्टेंशन बोर्ड)

नमस्कार मंडळी. हा बोर्ड माझ्या मावशीच्या डोंबिवलीच्या घरातला. पांढरा होता. आता हे भोक बघा, जरा जवळ आणतो... कडेला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग आहे, आणि आत प्लास्टिक असं ओघळून थिजलंय. मेणबत्तीचं मेण थिजतं ना, तसं.

याची गोष्ट मजेशीर आहे. मावशीचं घर पक्कं शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. आणि हॉलमध्ये आठ दिवस माशाचा वास. संध्याकाळी यायचा, रात्री जायचा. खालच्या मजल्यावर मालवणचं एक कुटुंब राहतं, त्यामुळे मावशीने निकाल लगेच लावून टाकला. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावरही घातलं. मी गेलो तेव्हा मलाही आला वास. मी सोफा पुढे ओढला आणि मागच्या बोर्डजवळ नाक नेलं. मासा तिथे होता!

वायरिंगच्या सामानात जे प्लास्टिक वापरतात, त्यातले काही प्रकार तापून करपायला लागले की त्यांना हुबेहूब माशासारखा वास येतो. कधी कधी लघवीसारखाही. घरात मासे नसताना माशाचा वास आला की आधी बोर्ड तपासायचे, शेजारी नंतर. मावशीने मग खाली पुरणपोळ्या पाठवल्या. डबा रिकामा परत आला नाही, सोलकढी आली.

आता तुम्ही म्हणाल, आजचा विषय रात्रभर चार्जिंगचा आणि हा मावशीचा सोफा सरकवतोय. तेच सांगतोय. ‘रात्रभर मोबाइल चार्जिंगला ठेवला तर चालतो का?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि माझ्या मते तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. आग लागते ती उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही म्हणून. ती किती तास साठली यापेक्षा कुठे साठली, हे बघायला हवं.

मावशीच्या बोर्डचंच घ्या. ओट्यावर जागा नाही म्हणून इंडक्शनची शेगडी डायनिंग टेबलावर, आणि तिची वायर या सहा अँपिअरच्या बोर्डमध्ये. शेगडी 2000 वॉटची. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर. सहाच्या भोकातून पावणेनऊ. त्यात आतली पितळी पट्टी सैल झालेली. पिन घट्ट बसत नव्हती, जरा तिरकी केली की चालू व्हायची. आपल्याकडे हे इतकं सर्रास असतं की प्लग कोणत्या कोनात धरायचा, हे घरात पोरासोरांनाही पाठ असतं!

सैल जोड म्हणजे अडथळा. तो अडथळा फक्त अर्धा ओहम धरा. अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम, म्हणजे साधारण 38 वॉट उष्णता, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या जागेत. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंगची सळई 25 वॉटची असते, आणि ती कथील वितळवते. म्हणजे मावशीने सोफ्याच्या कापडाला टेकवून रोज संध्याकाळी तासभर एक सोल्डरिंगची सळई पेटती ठेवली होती.

आणि एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा मीटरजवळचा स्विच? तो ढिम्म. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. शॉर्टसर्किट झालं, की करंट एकदम भडकतो आणि एमसीबी क्षणात पडतो. सैल जोडात करंट वाढतच नाही, तेवढ्याच करंटवर जागा तापत राहते. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने पावणेनऊ अँपिअर म्हणजे सगळं आलबेल. ईएलसीबी लावलाय म्हणून निश्चिंत असाल, तर तो करंट बाहेर गळतोय का एवढंच बघतो. वर्तमानपत्रात प्रत्येक आगीच्या बातमीखाली ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ असं छापून येतं ना, त्या वाक्याचा मला राग येतो तो यासाठी. ते वाचून वाटतं की वीज अचानक कोपली. सैल जोड अचानक कोपत नाही. आठ-आठ दिवस वास देतो.

बरं, आता याच सैल भोकात मोबाइलचा चार्जर लावा. वीस-पंचवीस वॉटचा चार्जर भिंतीतून जेमतेम दहावा हिस्सा अँपिअर ओढतो. एवढ्याने ती पट्टी कोमटही होणार नाही. म्हणजे रात्रीच्या यादीत मोबाइलचा प्लग शेवटी येतो. आधी येतात गीझर, इस्त्री, इंडक्शन, एसी, आणि रात्री टायमर लावून चालू ठेवलेलं वॉशिंग मशीन.

पण मोबाइल पूर्ण निर्दोष नाही.

(फोन उचलून उशीखाली सरकवतो)

असा ठेवता ना? खरं सांगा. लिथियमची बॅटरी 4.2 व्होल्टच्या आसपास पोचली, की फोनमधलं सर्किट भरणं थांबवतं. रात्रभर जबरदस्तीने भरत राहिली आणि फुटली, असं धड फोनमध्ये होत नाही. फार तर रोज शंभर टक्क्यांवर तासन्‌तास राहून बॅटरी लवकर म्हातारी होते. पण भरताना फोन आणि चार्जर दोन्ही तापतात, आणि ती उष्णता हवेत जायला हवी. उशी म्हणजे कापूस. आपण थंडीत दुलई घेतो ती उष्णता अडवायलाच ना? तीच दुलई आपण फोनला पांघरतो. फोन टेबलावर, फरशीवर, स्टीलच्या ताटलीत, कुठेही ठेवा, गादीवर नको.

चार्जरबद्दल एक खूण. हातात घेऊन वजन बघा. चांगल्या चार्जरच्या आत 230 व्होल्टची बाजू आणि तुमच्या हाताकडची पाच व्होल्टची बाजू यांच्यात ठरावीक अंतर ठेवलेलं असतं, ट्रान्सफॉर्मरमध्ये इन्सुलेशनचे थर असतात. स्टेशनबाहेर शंभर रुपयांत मिळणारा चार्जर मी मागे एकदा फोडून बघितला होता. त्या दोन बाजूंमध्ये माझं नखही धड शिरलं नसतं. आपल्याकडे चार्जरला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. मागच्या बाजूला बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकून खरा-खोटा पडताळता येतो. एक मिनिटाचं काम आहे.

आणि फुगलेली बॅटरी. फोनची मागची काच एका बाजूने उचललेली दिसते, किंवा टेबलावर ठेवला की फोन भोवऱ्यासारखा फिरतो. त्यावर वरून दाबून ‘बसतंय का’ बघणारे महाभाग मी बघितलेत. कृपा करा. चार्जिंग बंद करा, टाचणी लावू नका, आणि ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की तिथे पेटते. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि इथे मी विनोद करणार नाही.

सप्टेंबर 2022, वसई. इलेक्ट्रिक स्कूटरची काढता येणारी बॅटरी घरात आणून रात्री चार्जिंगला लावलेली. पहाटे तिचा स्फोट झाला. हॉलमध्ये झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात, 12 तारखेला, सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली. वरच्या मजल्यांवर हॉटेल होतं. धूर जिन्यातून वर चढला आणि आठ माणसं गेली.

फोनच्या बॅटरीत साधारण 19-20 वॉट-तास ऊर्जा असते. स्कूटरच्या बॅटरीत दोन ते तीन हजार. म्हणजे शंभर-दीडशे फोन एका पेटीत. आत शेकडो छोटे सेल, आणि प्रत्येक सेलमध्ये दोन बाजू वेगळ्या ठेवणारा केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा. 130 अंशांच्या आसपास तो वितळतो. एका सेलमध्ये तो गेला की तो सेल शेजारच्याला तापवतो, शेजारचा पुढच्याला. दिवाळीत फटाक्यांची माळ एका टोकाला पेटवली की मधेच थांबवता येते का? तसंच. त्यात अनेक बॅटऱ्यांमध्ये तापलेलं रसायनच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे वर गोधडी टाकून आग गुदमरत नाही. बाहेर येतो तो पांढरा धूर जळणारा असतो आणि विषारीही.

त्या वर्षीच्या आगींनंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. एआयएस 156 या त्यासाठीच्या मानकातल्या दुरुस्त्या डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्यामुळे जुनी गाडी, गल्लीतल्या दुकानात सेल बदलून घेतलेली बॅटरी, किंवा ‘हा पण लागतो’ म्हणून दिलेला दुसराच चार्जर यांच्याबाबतीत जास्त सावध राहा. गाडी चालवून आल्या आल्या प्लग लावू नका, बॅटरी हाताला गार लागू दे. पावसाच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर सर्व्हिस सेंटरने बघेपर्यंत चार्जिंग नाही म्हणजे नाही.

आणि बॅटरी घरात आणावीच लागत असेल, तर दारापाशी ठेवू नका. आपल्या वन रूम किचनमध्ये नेमकं हेच होतं. चप्पल-स्टँडशेजारी प्लग असतो, तिथेच बॅटरी. तिने पेट घेतला तर बाहेर जायचा एकमेव रस्ता तीच अडवून बसते. जिन्याखाली गाडी लावून चार्ज करणं म्हणजे हाच प्रकार अख्ख्या बिल्डिंगसाठी. यात मी एकट्या गाडीवाल्याला दोष देणार नाही. पार्किंगमध्ये पॉइंट मागितला की वर्षभर ‘पुढच्या मीटिंगला बघू’ म्हणणाऱ्या कमिट्या आहेत. मग लोक तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडतात, नाहीतर बॅटरी उचलून वर नेतात. दुसरं करणार काय?

रात्रीच का एवढं जपायचं? कारण नाक झोपतं. मावशीला वास आला, कारण ती जागी होती. गाढ झोपेत धुराच्या वासाने जाग येईलच असं नाही, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड तर आणखी गुंगी आणतो. कानाला मात्र जाग येते. म्हणून सेलवर चालणारा स्मोक अलार्म छताला लावा. आपल्याकडे तो ऑफिसात असतो, घरात नसतो. स्वयंपाकघरात नको, फोडणीला ओरडत बसेल. झोपायच्या खोलीबाहेर लावा.

फोन पेटला तर आधी भिंतीवरचा स्विच बंद, मग लांबून पाणी, भरपूर. बॅटरी तापते म्हणून आग परत परत येते, आणि पाण्याने ती गार होते. स्कूटरची बॅटरी पेटली तर काही म्हणजे काही करू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर, मागे दार ओढून घ्या, लिफ्ट नाही, जिना. आणि बाहेरून 101 किंवा 112.

आज करायचं काम एकच सांगतो. संध्याकाळी गीझर, इस्त्री, इंडक्शन अर्धा तास चालल्यावर स्विच बंद करा आणि प्लग काढून कोरड्या हाताने पिनेला जपून, ओझरता स्पर्श करा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, किंवा पिन काळी दिसली, तर वायरमनला बोलवा आणि नुसता प्लग नाही, सॉकेटही बदलून घ्या. दोघं मिळूनच बिघडतात.

आणि हो, खिडक्यांना बॉक्स ग्रिल असेल, तर आगीत तिथून बाहेर पडायला त्याच्या छोट्या दाराची किल्ली कुठे आहे? हा व्हिडिओ करायच्या आधी मी आमच्या घरात हाच प्रश्न विचारला. बायको म्हणाली देव्हाऱ्याच्या खणात, आई म्हणाली कपाटात. निघाली जुन्या बिस्किटांच्या डब्यात, बटणं आणि परदेशी नाण्यांच्या खाली. कुलूप गंजलेलं. शिलाई मशीनचं तेल सोडून वीस मिनिटं खटपट केली तेव्हा उघडलं. आता किल्ली लाल दोऱ्याला बांधून खिडकीशेजारच्या खिळ्याला लटकतेय.