बंदराला दोन तोंडं असतात

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, लेखासाठी थोडं नीटनेटकं करून)

अध्यक्षमहाराज, आणि जागा नाही म्हणून पडवीत उभे राहून ऐकणारे सगळे,

पत्रिकेत विषय छापलाय ‘चौल बंदर का संपलं?’ त्याचं उत्तर मी देणार आहे. पण जे होतं ते कळल्याशिवाय संपल्याची हळहळ कुणाला वाटणार? म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

माझं आजोळ चौलचं, अलिबागजवळचं. वाडीत पोफळीसाठी आळं खणलं की मातीतून निळ्या नक्षीची पांढरी खापरं निघायची. आजी ती धुऊन कोनाड्यात ठेवायची आणि म्हणायची, “चिनी माती आहे, टाकू नकोस.” चिनी म्हणजे खरंच चीनमधून आलेली, हे मला चाळिशीत कळलं. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी चौलला उत्खनन केलं, त्यात चिनी भांड्यांचे तुकडे सापडले. आजीला इतिहास ठाऊक नव्हता, पण तो टाकायचा नाही एवढं ठाऊक होतं.

चौलात ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं आमच्याकडे सांगतात. मोजायला कुणी गेलं नाही. पण या गावाला बाहेरच्यांनी किती नावांनी हाक मारली ते मोजता येतं. कान्हेरीच्या लेण्यात पाण्याचं टाकं दान देणारा सोनार ‘चेमुल’चा आहे. पहिल्या शतकातला ग्रीक खलाशी ‘सेमुल्ला’ लिहितो. अरब ‘सैमूर’ म्हणतात. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी इसवी सन ९१६च्या सुमारास इथे आला होता. तो लिहितो, इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. कुणी इराणातल्या सिराफचे, कुणी ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि बरेचसे इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलाय. राजाचं नाव तो ‘जंज’ देतो. हा आपला झंझ, कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा. शंकराची बारा देवळं बांधल्याचं श्रेय शिलाहारांच्याच लेखात ज्याला दिलंय, तोच. मला हा माणूस फार आवडतो. बारा देवळंही बांधतो आणि परक्या व्यापाऱ्याला त्याचा स्वतःचा न्यायही देतो. बंदर चालवायचं तर असंच चालवावं लागतं.

आता माझ्या लाडक्या गोष्टीकडे येतो. ज्यांनी ती माझ्याकडून आधी ऐकली आहे त्यांनी पुन्हा ऐकावी. गोष्ट एका घोड्याची आहे.

रशियातल्या व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी. माल घेऊन निघाला, तर अस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं. गावी परतावं तर डोक्यावर कर्ज. म्हणून उलट दिशेने गेला: बाकू, इराण, शेवटी इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं हॉर्मुझ बंदर. तिथे त्याला कळलं की हिंदुस्थानात घोड्यांना सोन्याची किंमत आहे. सगळी पुंजी एका घोड्यात घातली. तो घोडा इथवर आणायला आपल्याला शंभर रुबल पडले, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. १४७० च्या आसपास, सहा आठवड्यांचा समुद्रप्रवास करून, घोड्यासकट चौलला उतरला. तो त्याला ‘चिविल’ म्हणतो. वास्को द गामा कालिकतला यायला अजून पाव शतक अवकाश होता.

चौलच्या रस्त्यात लोक त्याच्या मागे मागे फिरत. गोऱ्या माणसाचं नवल! आणि त्याला नवल आपल्या लोकांचं, की बायका-पुरुष उघड्या डोक्याने, केसांची एक वेणी घालून हिंडतात. मग घोडा घेऊन निघाला जुन्नरला. चौलपासून पाली आठ दिवस, तिथून पुढे घाट चढून जुन्नर. तोवर पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो, आणि या ऋतूला ‘हिवाळा’ म्हणतो! जुन्नरचा पाऊस पाहिलेल्या माणसाने त्याला दोष देऊ नये. इथे घोड्यांना चणे घालतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने टिपलंय. खिचडी! रशियन लिपीत ‘किचिरिस’. मराठी मुलुखातल्या खिचडीचा इतका जुना पत्ता एका रशियनाच्या वहीत मिळावा, याचा मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

जुन्नरचा कारभार पाहणाऱ्या असदखानाने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाही बदललास तर घोडाही गेला आणि तुझ्याकडूनच हजार मोहरा दंड. मुदत चार दिवसांची. पंधराव्या शतकात, जुन्नरच्या पावसात, ज्याची भाषा बोलणारा आसपास कुणी नाही असा एक माणूस चार दिवस काय करत असेल? मी जुन्नरला गेलो की हाच विचार करतो. शेवटी खुरासानचा खोजा महंमद तिथे आला. त्याने खानाकडे शब्द टाकला. धर्मही राहिला, घोडाही परत मिळाला. पुढे बिदरला निकितीनने तो विकला, पण त्याआधी वर्षभर पोसला. जमाखर्च लिहिताना त्याने लपवाछपवी केलेली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरली. ठीक आहे, आता मूळ मुद्दा.

त्या घोड्याचा रस्ता आठवा: हॉर्मुझ, चौल, पाली, घाट, जुन्नर, बिदर. माझं म्हणणं एवढंच आहे की बंदराला दोन तोंडं असतात. एक खाडीकडे, दुसरं घाटाकडे. खाडीचं सगळ्यांना दिसतं. घाटाचं आपण विसरतो, आणि इथे माझी तक्रार आहे. आपली मुलं दर रविवारी किल्ल्यावर जातात, मला कौतुक आहे. पण जीवधन नाणेघाटाच्या तोंडावर का उभा आहे, राजमाची बोरघाटावर का लक्ष ठेवते, हे त्यांना कुणी सांगतं का? नाणेघाटातला तो दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. जकात कशावर? बंदरावरून आलेल्या मालावर. बंदर वगळून किल्ला शिकवला की अर्धाच इतिहास हातात येतो.

आता चौल का संपलं ते. लढायांनी संपलं नाही. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द आल्मेइदा तिथे पडला. कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खांबांत त्याचं जहाज अडकलं होतं! यावर तासभर बोलता येईल, आज नाही. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाने प्रचंड फौज घेऊन वेढा घातला. तह झाला आणि व्यापार पुन्हा सुरू. कारण घाटावरच्या दरबाराला बंदर हवंच होतं. पोर्तुगीजांना इथे कोट बांधायची परवानगी दिली ती बुऱ्हाण निजामशहाने, आणि बदल्यात मागितले काय? घोडे येऊ द्या!

मग १६३६ मध्ये निजामशाहीच बुडाली. चौलच्या पाठीमागे घाटावर उभा असलेला गिऱ्हाईक गेला. इकडे १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आली. खोल पाणी, वर चौलच्या रेशीम विणकरांना बोलावून तिथे वसवलं. हात गेले. कुंडलिकेच्या खाडीत गाळ साचत होता तो साचतच राहिला. १७३९ ला पोर्तुगीजांची वसई पडली, १७४० च्या तहात चौल आणि खाडीपलीकडची कोर्लई मराठ्यांकडे आली, तेव्हा तटबंदी मिळाली, बाजार उठलेला होता.

आणि मुंबई? तिला खाडीचं तोंड पहिल्यापासून होतं. बोरघाटातून १८६३ ला रेल्वे चढली, थळघाटातून १८६५ ला, तेव्हा दुसरं तोंड उघडलं. मुंबई त्या दोन वर्षांत मुंबई झाली, असं मी म्हणतो. वाद घालायचा असेल तर चहाच्या वेळी घालू.

घंटा झाली. कोर्लईत आजही क्रिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, घरांत पोर्तुगीजातून उपजलेली भाषा बोलतात, तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची बोली. त्यावर बोलायचं राहिलं. आजीच्या कोनाड्यातली खापरं मात्र आणली आहेत, बाहेर टेबलावर मांडलीत. हातात घेऊन बघा. कडा सांभाळून धरा, इतक्या वर्षांनी अजून धार आहे.