पत्र्याखालची शाळा

एप्रिल महिना, सकाळचे साडेदहा. चंद्रपूर जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची एक शाळा. उन्हाळ्यात शाळा सकाळचीच भरते, तरी सुटेपर्यंत वरचा पत्रा चांगलाच तापलेला असतो. शेवटच्या तासाला मुलं हळूहळू दाराकडे सरकायला लागतात. बाईही त्यांना रागवत नाहीत. बाटलीतलं पाणी कोमट झालंय.

पूर्वी अशा खोल्यांवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं असायची. तापलेली हवा त्यांच्या फटींतून निघून जायची. पण वानरं कवेलू फोडायची, दर पावसाळ्याआधी छप्पर शाकारावं लागायचं. त्या कटकटीतून सुटायला पत्रा आला आणि उन्हाळा थेट वर्गात उतरला.

विदर्भातल्या शाळा जूनमध्ये इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, ते उन्हामुळेच. पण मार्च-एप्रिलचं काय? परीक्षा तेव्हाच असतात.

उपाय म्हटला की आधी कूलर आठवतो. पण बिल थकलं म्हणून ज्या शाळांची वीज तोडली जाते, त्यांनी कूलर कशावर चालवायचा? म्हणून सुरुवात छपरापासून करायला हवी.

हे बघा, स्लॅबच्या खोलीवर काम चाललंय. पिंपात चुना रात्रभर भिजवलाय. सकाळी तो गाळून त्यात थोडा फेव्हिकॉल घातला, म्हणजे चुना धरून राहतो. स्लॅब झाडून, धुऊन घेतलाय. आता कुंच्याने पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. पांढरं छप्पर बरंचसं ऊन आल्या वाटेने परत पाठवतं. पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, तिथे उन्हाला परतवणारा पांढरा रंगच लावावा लागतो. नवा पत्रा चकाकतो, पण एकदा तापला की उष्णता लवकर सोडत नाही. गंजल्यावर तर तो आणखीच तापतो.

पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधलेत. बांबूला या जिल्ह्यात काय तोटा, आणि विणणारे बुरडही इथलेच. पत्र्याची धग तट्ट्यांवर अडते. मधली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांच्या भिंतींत वर झरोके हवेत. कितीतरी शाळांत ते पाखरं येतात म्हणून विटांनी बुजवलेत. ते मोकळे करून जाळी ठोकली, की झालं.

मग पंखे. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. तीन पंखे सहा तास फिरले तर सव्वा युनिटाहून जास्त खर्च होतो. नव्या पंख्यांत तेच काम अर्ध्या युनिटाच्या जरा वर भागतं. बिल भरणं शाळेच्या आवाक्यात राहिलं, तरच पंखा फिरता राहील.

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या उन्हाने माणसं दगावली आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. पुढे छपरं पांढरी करणं हा त्याचाच भाग झाला. २०२३ मध्ये तेलंगणाने थंड छपरांचं स्वतंत्र धोरण आणलं. तेलंगणाची हद्द या जिल्ह्याला लागूनच आहे. आपल्याकडे मात्र शाळा दुरुस्तीचं अंदाजपत्रक अजून गळती आणि फरशीपाशीच थांबतं. त्यात चुना, तट्टे आणि झरोके यांची एक ओळ यायलाच हवी.

दुसरा हात देऊन झालाय. कुंचे धुऊन भिंतीला उभे केलेत. पावसाळ्यात हा चुना थोडा ओघळेल. फेब्रुवारीत पिंप पुन्हा भरावं लागेल.