यादी हवी ती कारणासकट

मंडळी, पत्रिकेवर विषय दोन भागांत छापलाय: आपण वापरतो ती ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेली, सॉफ्टवेअर नीट मांडून ठेवणं, आणि ती यादी इतरांपर्यंत पोचवणं. पहिला भाग लांबणार हे आधीच सांगतो, कारण माझं सगळं भांडण तिथं आहे.

भांडण आहे ते नुसत्या नावांच्या याद्यांशी. २०१४ साली गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ‘ऑसम’ या नावानं याद्या करायची पद्धत सुरू झाली आणि बघता बघता प्रत्येक विषयाची यादी तयार झाली. त्यातल्या काही फार कष्टानं जपलेल्या आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण बहुतेकांचा नमुना ठरलेला: एक नाव, एक दुवा, आणि त्या प्रकल्पाच्याच मुखपृष्ठावरून उचललेलं एक वाक्य. पासवर्ड मॅनेजर शोधणाऱ्यासमोर अशी पंधरा नावं ठेवली, तर त्याचं काम हलकं झालं की वाढलं? त्याला विचारायचं असतं ते एवढंच: यातलं तुम्ही स्वतः काय वापरता, तेच का घेतलं, आणि ते कुठे अडतं? हे फक्त वापरणाऱ्याला ठाऊक असतं आणि नेमकं तेच लिहायचं राहून जातं. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे तुम्ही घेतलेला एक निर्णय. तो कारणासकट लिहा, एवढाच माझा आग्रह आहे.

ओळीत सहा रकाने पुरतात: नेमकं नाव, कशासाठी, कुठून घेतलं, परवाना, शेवटचं कधी तपासलं, आणि शेरा.

नेमकं नाव म्हणजे अक्षरशः नेमकं. कीपास, कीपासएक्स आणि कीपासएक्ससी हे पासवर्ड मॅनेजरचे तीन वेगळे प्रकल्प आहेत. मधल्याचं काम थांबलंय, उरलेले दोन चालू आहेत. यूब्लॉक आणि यूब्लॉक ओरिजिन ही जाहिराती अडवणारी दोन वेगळी ब्राउझर एक्स्टेन्शन्स आहेत. ‘कीपास की काहीतरी वापरतो’ असं लिहिलंत, तर वाचणारा शोधयंत्रात जाऊन पहिलं दिसेल ते उतरवून घेणार. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेमकी याच नावाची खोटी जाहिरात शोधनिकालांत सगळ्यात वर येत होती. पत्ता हुबेहूब, फक्त पहिल्या अक्षराखाली एक बारीक खूण. ती कोणाच्या डोळ्यांना दिसणार आहे? म्हणून तिसरा रकाना, ‘कुठून घेतलं’, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ओळखीची, जुनी जागाही आंधळेपणानं धरून चालत नाही: २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या सॉफ्टवेअर उतरवायच्या संकेतस्थळावर जिंप या चित्रं संपादायच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींची जोड दिल्याचं उघड झालं होतं, आणि तो इन्स्टॉलर जिंपच्या लोकांनी तिथं ठेवलेला नव्हता.

अँड्रॉइडवर तर ‘कुठून’ लिहिलं नाही की डेटाच जातो. एफ-ड्रॉइड हे ओपन सोर्सचं भांडार बहुतेक अ‍ॅप्स मूळ कोडवरून स्वतः बांधतं आणि त्यावर स्वतःच्या किल्लीनं डिजिटल सही करतं. प्ले स्टोअरवरच्या त्याच अ‍ॅपवर सही असते दुसऱ्या किल्लीची. सही जुळली नाही तर अँड्रॉइड एकावर दुसरं चढवू देत नाही. आधीचं काढावं लागतं आणि काढताना आतला डेटा पुसला जातो. तुम्ही नुसतं अ‍ॅपचं नाव दिलंत, मित्रानं दुसरीकडून घेतलं, आणि नंतर तुमच्या सांगण्यावरून जागा बदलली, तर त्याच्या नोंदी गेल्या. ‘बदलण्याआधी एक्सपोर्ट करा’ एवढी एक ओळ शेऱ्यात हवी.

मार्च २०२४ मधलं एक्सझीचं, म्हणजे लिनक्सवर फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं, प्रकरण तुम्हाला माहीत आहेच. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएचनं दूरच्या यंत्रात लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, ते मागे लागले, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घुसवलेलं चोरदार सापडलं. त्या दिवशी प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: माझ्याकडे यातली आवृत्ती आहे का? डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्थिर शाखेवर असणाऱ्यांना घाबरायचं कारण नव्हतं. टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांवर असणाऱ्यांना लगेच हालचाल करायची होती. ज्यानं ‘कुठून’ हा रकाना शाखेसकट भरला होता, त्याला उत्तर वहीतच मिळत होतं.

परवान्याचा रकाना आवृत्तीसकट भरा. रेडिस या डेटाबेसचं बघा: ‘रेडिस: बीएसडी’, म्हणजे फारशा अटी नसलेला मुक्त परवाना, हे ७.२ पर्यंत बरोबर. मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला, ७.४ पासून तो बीएसडी राहिला नाही, त्यावरून जुन्या कोडवरून व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प निघाला. मग मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल या दुसऱ्या ओपन सोर्स परवान्याचा पर्याय आला. एका नावाचे एवढे अवतार.

तारखेचं महत्त्व ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरवरून कळतं. लिबरऑफिस २०१० मध्ये त्यातून वेगळं झालं. ओपनऑफिसची ४.१ ही मालिका २०१४ ची. तिच्यात आजवर फक्त किरकोळ सुधारणा झाल्या. ओपनऑफिस वर्डची डॉकएक्स फाइल उघडतं, पण डॉकएक्समध्ये जतन करत नाही. तरी जुन्या, बिनतारखेच्या याद्यांतून लोक अजून ते उतरवून घेतात, आणि मग ‘ओपन सोर्स असंच असतं’ म्हणून सोडून देतात. हे मला खरोखर लागतं. सोडलेलं सॉफ्टवेअरही म्हणून यादीत ठेवा, का सोडलं त्या कारणासह. चालू असलेल्याचा शेरा असा असावा: ‘जिंप आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, काम करतं, छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या रंगांतली, पीडीएफ लागली की पान स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावायचं.’ या एका ओळीनं कोणाचा तरी अख्खा दिवस वाचतो.

आता भरायचं कसं. आठवून लिहू नका, यंत्राला विचारा. डेबियन, उबुंटूवर ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ ही आज्ञा, ती तुम्ही मागून घेतलेलीच पॅकेजं दाखवते. ‘डीपीकेजी’ या आज्ञेनं साधी यादी काढलीत तर त्यांना लागणारी बाकीची सगळी पॅकेजंही येतात. उबुंटूत इन्स्टॉलरनं घातलेलीही बरीच ‘मॅन्युअल’ दिसतात, ती हातानं गाळा. फ्लॅटपॅक या लिनक्सवरच्या दुसऱ्या पद्धतीनं घेतलेल्यांसाठी ‘फ्लॅटपॅक लिस्ट’ला ‘अ‍ॅप’चा पर्याय द्या, नाहीतर रनटाइम, म्हणजे त्यांना चालायला लागणारे सामायिक भाग, मिसळतात. मॅकवर होमब्रूनं घेतलेल्यांसाठी ‘ब्रू लीव्हज’. विंडोजवर ‘विंगेट एक्सपोर्ट’. पण विंगेटच्या भांडारात नसलेलं त्यातून वगळलं जातं, तेव्हा पडद्यावरच्या सूचना वाचा. अ‍ॅपइमेज, ब्राउझर एक्स्टेन्शन्स आणि टर्मिनलमध्ये चिकटवून चालवलेल्या स्क्रिप्ट यांपैकी कशातच येत नाहीत. त्या स्वतः शोधाव्या लागतात, आणि विसरल्या जातात त्या हमखास त्याच.

स्प्रेडशीटबद्दल एक सांगायलाच हवं. आवृत्ती ३.१० लिहिली की ती मुकाट्यानं ३.१ होते. याच खोडीपायी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं! तेव्हा आधी रकाना ‘मजकूर’ करा, मग टंकायला बसा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. आणि देवनागरी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, एक्सेलमध्ये उघडल्यावर चित्रविचित्र अक्षरं दिसली, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये बीओएमसह, म्हणजे ती यूटीएफ-८ आहे हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या खुणेसह, जतन करा.

समोरून चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. दुसरा भाग भरभर सांगतो.

यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, गिट रिपॉझिटरीत, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या कोठारात, ठेवा. एका ओळीत एकच सॉफ्टवेअर, आणि क्रम वर्णानुक्रमे. सगळे जण शेवटी ओळ जोडायला लागले की त्याच जागी बदल आदळतात आणि मर्ज, म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र करणं, अडतं. वर्णानुक्रमात भर वेगवेगळ्या जागी पडते.

यादीलाही परवाना लागतो. कोणी काहीही करावं असं वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी-झीरो, श्रेय हवं असेल तर त्यांचाच सीसी-बीवाय. परवाना लिहिला नाही तर हक्क तुमच्याकडेच राखलेले राहतात, आणि सावध माणूस ती यादी पुढे वापरत नाही.

जाहीर करण्याआधी चाळणी लावा. ब्रूफाइलमध्ये, म्हणजे होमब्रूनं काढून दिलेल्या यादीत, खासगी भांडारांची नावं असू शकतात, निर्यात केलेल्या फाइलींत वापरकर्त्याच्या नावाचे पत्ते राहून जातात. बाहेरून पोचता येणाऱ्या सर्व्हरवरच्या आवृत्त्या जाहीर यादीत नकोत, त्या खासगी प्रतीत ठेवा. गिटमध्ये एकदा गेलेली ओळ पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे पुढच्या बदलनोंदीत, पुसली तरी इतिहासात शिल्लक राहते, म्हणून ही चाळणी पहिल्या कमिटआधीच.

दुवे मरतात. गुगल कोड ही प्रकल्प ठेवायची जागा जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली आणि असंख्य याद्यांतले तिथले पत्ते शिळे झाले. तुमच्या यादीतल्या छोट्या, एकट्या माणसानं चालवलेल्या प्रकल्पांसाठी सॉफ्टवेअर हेरिटेज या मूळ कोड जपून ठेवणाऱ्या संग्रहात ‘सेव्ह कोड नाऊ’ नावाचं पान आहे. तिथं रिपॉझिटरीचा पत्ता द्या, प्रत घेतली गेली की जो ओळखक्रमांक मिळेल तो ‘कुठून’ या रकान्यात दुव्याशेजारी लिहा. आता प्रश्न घेऊ.