तिसऱ्या धक्क्याची वाट

८ फेब्रुवारी १७५० रोजी लंडन शहराला भूकंपाचा एक धक्का बसला आणि बरोबर महिन्याभराने, ८ मार्चला, दुसरा बसला. पडझड किरकोळच होती. पण दोन धक्क्यांमधले ते एका महिन्याचे अंतर लोकांच्या मनात घर करून बसले. त्यातच राजाच्या अंगरक्षक दलातील एक सैनिक सांगत सुटला, की आणखी महिन्याने तिसरा धक्का बसेल आणि त्यात हे शहर गडप होईल. एप्रिल उजाडताच माणसे शहर सोडू लागली. होरेस वॉल्पोल या लेखकाने तेव्हा लिहिलेल्या पत्रात त्यांच्या वाहनांची मोजदादच दिली आहे : तीन दिवसांत, एकाच नाक्यावरून, ७३० घोडागाड्या. रात्र उघड्यावर काढावी लागणार म्हणून स्त्रियांनी खास उबदार झगे शिवून घेतले होते, हेही तोच सांगतो. ठरलेली रात्र आली आणि गेली. शहर जागच्या जागी राहिले आणि त्या सैनिकाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली.

आज त्या सैनिकाची जागा मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी घेतली आहे. एका आठवड्यात तीन देशांतून भूकंपाच्या बातम्या आल्या, की पृथ्वीचा शेवट जवळ आल्याची कुजबुज सुरू होते. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण पायाखालची जमीन हीच माणसाच्या लेखी सर्वांत भरवशाची गोष्ट असते. मात्र तिच्या मुळाशी असलेला समज, म्हणजे भूकंप पूर्वीपेक्षा वाढले आहेत हा, आकड्यांवर तपासून पाहता येतो.

जगभरात दरवर्षी सुमारे २०,००० भूकंपांची नोंद होते. म्हणजे रोज पन्नासहून अधिक. १९३१ मध्ये साऱ्या जगात भूकंपमापन केंद्रे होती जेमतेम ३५०. आज ती हजारोंच्या संख्येने आहेत, आणि पूर्वी कोणाच्या गावीही नसलेला समुद्रतळावरचा सौम्य धक्का आता काही मिनिटांत जगाला कळतो. वाढले आहे ते आपले ऐकणे. मोठ्या भूकंपांचा हिशेब मात्र या वाढीने बदलत नाही, कारण ते तेव्हाच्या मोजक्या यंत्रांनाही चुकत नसत. ७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी पंधरा-सोळा होतात. हा आकडा दरवर्षी खालीवर होतो : १९८९ मध्ये असे जेमतेम सहा झाले, तर २०१० मध्ये वीसहून अधिक. १९८९ साली पृथ्वी शांत होत चालली आहे असे सांगत कोणी रस्त्यावर उतरल्याचे ऐकिवात नाही.

तरीही एक काळ असा आला, की खुद्द भूकंपशास्त्रज्ञांनाही शंका आली. १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर चाळीस वर्षे ९ तीव्रतेचा एकही भूकंप झाला नव्हता. मग २००४ मध्ये सुमात्रा, २०१० मध्ये चिलीचा ८.८ तीव्रतेचा धक्का आणि २०११ मध्ये जपान, अशी रांगच लागली. हे एकमेकांना चेतवत आहेत काय, हे अनेक संशोधकांनी संख्याशास्त्राने तपासले. मोठ्या भूकंपामागून त्याच परिसरात येणारे पश्चात् धक्के वगळले, तर उरलेल्यांचा क्रम निव्वळ योगायोगाहून वेगळा दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. नाणे शंभरदा उडवले आणि मध्येच सलग पाचदा छापा पडला, तर नाणे खोटे ठरत नाही.

पण एखादा धक्का अख्खी पृथ्वीच दुभंगून टाकेल काय? भूकंपाची तीव्रता किती लांबरुंद भ्रंश, म्हणजे खडकांतली भेग, सरकला यावर अवलंबून असते, आणि भ्रंशांच्या लांबीला मर्यादा आहे. यंत्रांनी नोंदवलेला सर्वांत मोठा भूकंप १९६० मध्ये चिलीत झाला, तीव्रता ९.५. त्या वेळी सुमारे हजार किलोमीटर लांबीचा भ्रंश सरकला आणि सारी पृथ्वी एखाद्या घंटेसारखी कित्येक दिवस कंप पावत राहिली. त्या कंपनांच्या नोंदींतून शास्त्रज्ञांना पृथ्वीच्या अंतरंगाची नवी माहिती मिळाली.

राहिली भाकिते. कुठे, केव्हा आणि किती तीव्रतेचा, या तिन्ही प्रश्नांची नेमकी उत्तरे दिल्याशिवाय भूकंपाचे भाकीत हे भाकीत ठरत नाही. ६ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा भूकंप जगात दर दोन-तीन दिवसांनी होतच असतो. त्यामुळे ‘येत्या आठवड्यात कुठेतरी मोठा धक्का बसेल’ असे म्हणणारा कधी तोंडघशी पडत नाही. ११ मे २०११ रोजी रोम उद्ध्वस्त होणार, अशी अफवा पसरली होती. ती १९७९ मध्ये निधन पावलेल्या राफाएले बेंदान्दी या हौशी भूकंप-अभ्यासकाच्या नावावर खपवली गेली. त्याच्या कागदपत्रांत या तारखेचा मागमूसही नव्हता. रोम हलले नाही. पण त्याच दिवशी स्पेनमधील लोर्का शहरात भूकंप झाला आणि नऊ माणसे दगावली. अफवेला तेवढा आधार पुरला. जपानबाबतही हेच घडले. एका चित्रकथेतील स्वप्नावरून ५ जुलै २०२५ ही तारीख गाजली, आणि नेमके त्याच सुमारास तोकारा बेटांवर दोन आठवड्यांत हजाराहून अधिक लहान-मोठे धक्के बसले. हाँगकाँगहून जाणाऱ्या पर्यटकांनी बेत रद्द केले, विमानफेऱ्या कमी झाल्या. ती तारीख निमूट उलटली. महिनाअखेरीस दूर रशियातील कामचात्कात ८.८ तीव्रतेचा भूकंप होताच भाकीत खरे ठरल्याची चर्चा पुन्हा सुरू झाली.

मात्र ‘काही होणार नाही’ हेही भाकीतच असते, ही गोष्ट इटलीतील लाक्विला शहराने भोगली. २००९ च्या आरंभी तिथे कित्येक आठवडे सौम्य धक्के बसत होते. धोका नसल्याचा दिलासा एका अधिकाऱ्याने लोकांना दिला आणि एरवी धक्का बसताच बाहेर झोपणारी काही कुटुंबे घरातच राहिली. ६ एप्रिलच्या पहाटे झालेल्या भूकंपात ३०९ जण मृत्युमुखी पडले. सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ अपिलात निर्दोष सुटले. अशा वेळी प्रामाणिक उत्तर ओबडधोबडच असते. कॅलिफोर्नियातील अनुभव असा, की एखाद्या धक्क्यानंतर आठवड्याभरात त्याहून मोठा धक्का बसण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. पण हा धक्का त्या पाचांतला की उरलेल्या पंच्याण्णवांतला, हे आधी ओळखण्याचे साधन कोणाकडेही नाही.

जानेवारी २०१० मध्ये हैतीत ७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि फेब्रुवारीत चिलीत ८.८ तीव्रतेचा. चिलीच्या भूकंपात सुमारे पाचशे पट ऊर्जा बाहेर पडली होती. हैतीत मृतांची संख्या, बहुतेक अंदाजांनुसार, लाखाच्या घरात किंवा त्याहून पुढे जाते. तिथे बांधकामाचे राष्ट्रीय नियम नव्हते. चिलीत भूकंपरोधक बांधकामाचे नियम कित्येक दशके लागू होते. तिथे सव्वापाचशेच्या आसपास माणसे दगावली आणि त्यांतल्याही बऱ्याच जणांचा जीव घेतला तो मागून आलेल्या त्सुनामीच्या लाटांनी.