पिवळ्या उंदरांचा हिशेब

घरात धान्याच्या डब्यामागे दिसणाऱ्या उंदराला आपण सरसकट करडा म्हणतो. पण त्याचा एकच केस भिंगाखाली धरला, तर टोक काळे, त्याखाली पिवळा पट्टा आणि बुडाशी पुन्हा गडद राखाडी रंग दिसतो. केस वाढत असताना मोजके दिवस अगूटी नावाचे प्रथिन तयार होते व ते रंगपेशींना काळ्याऐवजी पिवळे रंगद्रव्य करायला लावते. ते थांबले की काळा रंग पुन्हा सुरू होतो. पाळीव उंदरांतल्या एका प्रसिद्ध पिवळ्या वाणात हे प्रथिन थांबतच नाही.

सापांना खाद्य म्हणून उंदीर वाढवणारे रंगाकडे नव्हे, तर वजनाकडे आणि पिल्लांच्या संख्येकडे पाहतात. त्यामुळे त्यांच्या पिंजऱ्यात एखादा पिवळाधमक उंदीर निघाला, की हौशी माणूस हरखून तो घरी आणतो, त्याला तशीच मादी शोधतो, आणि पहिल्याच वेतात काळी किंवा करडी पिल्ले पाहून चक्रावतो.

हेच कोडे फ्रान्समधील नान्सी येथे जीवशास्त्रज्ञ ल्युसियाँ क्युएनो यांना पडले होते. आनुवंशिकतेच्या मेंडेलच्या नियमाप्रमाणे अशा जोडीपासून चारांत तीन पिल्ले पिवळी व्हायला हवीत; प्रत्यक्षात त्याहून कमी होत, आणि शुद्ध पिवळा, म्हणजे पिवळ्याच्या जनुकाच्या दोन प्रती असलेला, उंदीर तर एकही सापडेना. पिवळ्याचे जनुक असलेले शुक्रबीज तशाच स्त्रीबीजाशी संयोग पावत नसावे, असा त्यांनी १९०५ साली तर्क केला. तर्क चुकला, पण निरीक्षण पक्के होते. १९१० साली अमेरिकेत विल्यम कॅसल आणि क्लॅरेन्स लिटल यांनी पिवळ्या जोड्यांची १,२३५ पिल्ले मोजली, त्यांत ८०० पिवळी निघाली, म्हणजे साधारण तिनांत दोन. शिवाय या जोड्यांची वेतेही लहान असत. म्हणजे संयोग होत होता, पण या जनुकाच्या दोन प्रती मिळालेला गर्भ रुजण्याच्या सुमारासच मरत होता.

एका प्रतीवर जगणारा पिवळा उंदीरही पूर्ण सुटत नाही. या वाणात गुणसूत्राचा एक तुकडा गळाल्याने अगूटीचे जनुक शेजारच्या जनुकाच्या ताब्यात जाते, आणि ते प्रथिन कातडीतच नव्हे, तर अंगभर तयार होऊ लागते. मेंदूत ते भूक आवरणाऱ्या ग्राहींची (संदेश झेलणाऱ्या प्रथिनांची) वाट अडवते, म्हणून हे उंदीर वयाबरोबर चांगलेच लठ्ठ होतात. गळालेल्या त्याच तुकड्यात गर्भाला लागणारे जनुकही जाते.

मात्र प्रत्येक पिवळा उंदीर असा नसतो. दुसरा एक पिवळा रंग अप्रभावी, म्हणजे दोन प्रती असल्या तरच उमटणाऱ्या, जनुकाचा असतो. त्यात ना गर्भ दगावतात, ना ठरलेला लठ्ठपणा येतो. दोन्ही नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण. अशा वेळी ज्याच्या घराण्यात पिवळा रंग कधीच उमटलेला नाही, अशा काळ्या उंदराशी जोडी लावावी. पहिल्या प्रकारात साधारण निम्मी पिल्ले पिवळी निघतात, दुसऱ्यात एकही नाही.