पाठीवरचा बोजा आणि पाठीतले पाणी

श्रोतेहो, नमस्कार. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून अशक्तपणा आणणाऱ्या गियाँ-बारे विकाराचे, रुग्ण वाढले आणि हे नाव घरोघरी पोहोचले. हाच विकार एचआयव्हीसह जगणाऱ्यांनाही होतो. क्वचित तर एचआयव्हीची पहिली खूण तोच ठरतो.

ती खूण कशी ओळखायची, हे समजण्यासाठी १९१६ सालच्या फ्रान्समध्ये जाऊ. महायुद्ध ऐन भरात असताना एका तरुण सैनिकाच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, थोडे चालताच त्याला थांबावे लागू लागले आणि पाठीवर सामानाचा बोजा चढवताना तो जो उताणा कोसळला, तो त्याला उठताच येईना. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तिघा डॉक्टरांनी त्याच्यासह आणखी एका सैनिकाला तपासले. आपण ज्याला पाठीतले पाणी म्हणतो, तो मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढून पाहिला, तेव्हा त्यात प्रथिने खूप वाढलेली, पण पेशी जवळजवळ नाहीतच. जंतुसंसर्गाने मेंदूच्या आवरणाला सूज आली असती, तर पेशी वाढल्या असत्या. म्हणून हा आजार वेगळा, हे त्यांनी ताडले. दोन्ही सैनिक सुधारले. प्रतिक्षेपांचे, म्हणजे हातोडीच्या टिचकीने स्नायू आपोआप उसळण्याचे, आलेख काढणाऱ्या स्ट्रोल यांचे नाव मात्र आजाराच्या नावातून गळाले, याची मला आजही चीड येते.

एचआयव्ही असलेल्या रुग्णात नेमके इथेच चित्र बदलते. संसर्गाच्या सुरुवातीला प्रतिकारशक्ती शाबूत, पण खवळलेली असते. ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि पाठीतल्या पाण्यात प्रथिनांबरोबर पेशीही बहुधा वाढतात. पुन्हा सांगतो: जीबीएसमध्ये पेशीही वाढलेल्या दिसल्या, तर एचआयव्हीची तपासणी करावी, आणि तीही रुग्णाची संमती घेऊनच. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने ही संमती आवश्यक केली आहे. तरीही वॉर्डात नातेवाइकांच्या घोळक्यासमोर हा विषय काढणारे महाभाग भेटतात.

उपचार इतरांसारखेच असतात: इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे, शिरेतून देणे किंवा रक्तातील प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग, बदलणे. स्टिरॉइडचा जीबीएसमध्ये उपयोग होत नाही. आठ आठवड्यांहून अधिक काळ वाढत राहणाऱ्या सीआयडीपी या भावंड-विकारात मात्र होतो. एचआयव्ही असलेल्याच्या तळपायांची वर्षानुवर्षे आग होत असेल, तर कारण बहुधा वेगळे, म्हणजे खुद्द विषाणू किंवा स्टॅव्हुडिनसारखे एचआयव्हीवरचे जुने औषध, असते. परंतु अशक्तपणा काही दिवसांतच पायांकडून वर चढू लागला, गिळताना ठसका लागू लागला किंवा एका श्वासात वीसपर्यंत मोजता येईना, तर त्याच दिवशी व्हेंटिलेटरची सोय असलेले रुग्णालय गाठावे, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या सोबत न्याव्यात आणि त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.