ठरलं कुठे?

विषय मोठा आहे: ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला, अशा सॉफ्टवेअर प्रकल्पात काय उघड असावं, काय खासगी. वेळ चाळीस मिनिटांचा, त्यातली दहा प्रोजेक्टरने खाल्ली. म्हणून स्लाइड्स नाहीत. बरंच झालं, मी त्या वाचूनच दाखवल्या असत्या.

आधी माझं रडगाणं. काही वर्षांपूर्वी मी एका प्रकल्पात फुकट राबायचो. मराठी शब्दांची यादी वर्णानुक्रमे लावायचं काम. आता संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क् अधिक ष. त्यामुळे तो 'क्रम', 'क्लेश' आणि मग 'क्षमा', असा सगळा संसार 'क'मध्येच थाटतो. आपल्या वर्णमालेत मात्र ह, ळ, मग क्ष, ज्ञ. तीन शनिवार-रविवार घालून मी ते नीट केलं, टेस्ट लिहिल्या, पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवला. उत्तर आलं: 'हे वेगळ्या पद्धतीने करायचं आधीच ठरलंय.' बस्स.

ठरलंय? कुठे? प्रकल्पाची चर्चा ज्या ईमेलवर चालते त्या मेलिंग लिस्टचा दोन वर्षांचा अर्काइव्ह उपसला. अक्षर नाही. चार महिन्यांनी उलगडा झाला: टिळक रोडवर, अमृततुल्यात. प्रकल्प सांभाळणारे दोन मेंटेनर, दोन चहा, एक क्रीमरोल. आणि गंमत म्हणजे त्यांचं म्हणणं बरोबर होतं! असला अनुक्रम प्रत्येक प्रोग्रॅमने आपापला लावू नये, ते आयसीयूसारख्या (दवाखान्यातला नव्हे, भाषाभाषांचे नियम ठेवणारा तयार कोड) सामाईक लायब्ररीवर सोपवावं. त्यामुळे तर जास्तच चिडलो. चूक असते तर निदान भांडता आलं असतं. हीच दोन वाक्यं आधी कुठे लिहिलेली असती, तर मी ते तीन रविवार सिंहगडावर काढले असते. म्हणजे, निदान घरी तसं म्हणालो असतो.

अपाचे या ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेतले लोक म्हणतात, जे लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही. आपल्या सोसायट्यांत उलटं. इतिवृत्त कायम करणे हा विषय क्रमांक एक, आणि निर्णय सगळे पार्किंगमध्ये. हसताय ते सगळे कमिटीवर दिसताय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ मुद्दा पळवतो.

खासगी बोलायलाच हवं अशा दोन गोष्टी. एक, सुरक्षेतलं न बुजवलेलं भगदाड. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिन, म्हणजे दुरून दुसऱ्या संगणकात शिरणं, अर्धा सेकंद रेंगाळतंय असं दिसलं; खणल्यावर एक्सझेड या फाइल्स दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पेरलेला चोरदरवाजा निघाला. आधी त्याने डेबियनच्या, म्हणजे लिनक्सच्या एका तयार आवृत्तीच्या (असल्या आवृत्त्यांना वितरणं म्हणतात), सुरक्षा गटाला कळवलं, 29 तारखेला सगळ्यांना. लिनक्स वितरणांच्या खासगी लिस्टवर असं गुपित फार तर 14 दिवस ठेवता येतं. दुसरी, माणसं. कमिटर म्हणून, म्हणजे कोड थेट बदलायचा हक्क देऊन, कुणाला घ्यायचं ही चर्चा अपाचेत बंद दाराआड होते, नाहीतर नकाराची दवंडी पिटली जाईल.

पण नुसतं 'नंतर उघडू' म्हणून भागत नाही. डेबियनने 2005 मध्ये, म्हणजे आपला माहितीचा अधिकार आला त्याच वर्षी, मतदान करून ठरवलं की आपल्या खासगी लिस्टवरची पत्रं तीन वर्षांनी खुली करायची. ती चाळायला कोणी बसलं नाही. 2016 मध्ये पुन्हा मतदान: राहू दे खासगीच.

म्हणून माझी मागणी लहान आहे. चहावर खुशाल बोला. परत आल्यावर तीन ओळी लिहा: काय ठरवावं म्हणतोय, का, हरकत कधीपर्यंत घ्यायची. अपाचेत मतदान सहसा किमान 72 तास चालतं, कारण कोणीतरी कुठेतरी झोपलेलं असतं.

प्रश्न? हां, तिसरी रांग. अहो, तुम्ही! मंडळी, त्या दोन चहांपैकी एक यांचा. बोला, पण आधी क्रीमरोल कोणी खाल्ला ते सांगा.